बदकाची अंडी, पावसाळा आणि पाण्याची वाटी

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) बदकं पाळणारे, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले आमचे काका.

श्रावण जवळ आला की माझ्याकडे बदकांची पत्रं सुरू होतात. श्रावणात घरात अंडं शिजत नाही. बदकांना मात्र श्रावण कळत नाही, ती रोज घालतच असतात. मग आमच्या घरी आजीच्या काळापासूनचा रिवाज असा, की श्रावण लागल्यापासूनची पाच दिवसांची अंडी जमवायची आणि नागपंचमीला उबवायला बसवायची. पंचमी ते चवथ (गणेशचतुर्थी) दिवस भरतात अठ्ठावीस-एकोणतीस, आणि बदकाचं अंडं उबायलाही २८ दिवसच लागतात. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायच्या गडबडीत इकडे पिल्लं बाहेर. तेव्हा अंडी उबवायचं यंत्र नव्हतं, खुडूक कोंबडी होती. आता तिच्या जागी थर्माकोलची पेटी आली, आणि कोंबडी न शिकवता जे करायची ते पत्र लिहून विचारावं लागतं. यंदा बहुतेक सगळी पत्रं ओलाव्याबद्दलच आहेत, म्हणून या वेळी तेवढंच घेतो.

काका, मी २४ अंड्यांची छोटी मशीन घेतली आहे. सोबतच्या कागदावर बदकासाठी ५५ ते ६० टक्के ओलावा ठेवा असं लिहिलंय. मोबाइल तर आमच्या गावचा ओलावा ८५ दाखवतो. मग मशीनमध्ये पाणी घालूच नको ना? उलट ओलावा कमी कसा करू ते सांगा. (एक गृहिणी, मांद्रे)

बाई, मोबाइल तुमच्या अंगणाचा ओलावा सांगतो. अंडी ३७.५ अंशांच्या पेटीत आहेत, आणि तिथला हिशेब निराळा.

पावसात दोन-दोन दिवस न वाळणारे कपडे चुलीवरच्या दोरीवर टाकले की तासाभरात वाळतात. घरातली हवा तीच, पण ती तापली की तिची पाणी पिऊन घेण्याची ताकद वाढते. आकडे हवे असतील तर असे: २७ अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर २६ ग्रॅम बाष्प मावतं, ३७.५ अंशांच्या हवेत ४५. बाहेर ८५ टक्के ओलावा, म्हणजे २६ पैकी २२ ग्रॅम बाष्प आहे. हीच हवा मशीनमध्ये जाऊन तापली की ते २२ ग्रॅम ४५ च्या मापात मोजायचे. झाले ४९ टक्के. तापलेली हवा फुगते, तेही धरलं तर ४७.

म्हणजे बाहेर धो धो पाऊस असतानाही तुमच्या मशीनमध्ये पाण्यावाचून ४७-४८ च्या आसपासच राहणार. ओलावा हवा आहे ५५ च्या पुढे. तूट थोडी आहे. अंडीही स्वतःतून रोज थोडं पाणी सोडतात, २४ अंडी मिळून दिवसाला आठ-नऊ ग्रॅम. त्यामुळे पावसाळ्यात एक लहान वाटी पुष्कळ होते. हेच जानेवारीत केलंत तर फसाल. त्या दिवसांत सकाळची गार हवा मशीनमध्ये तापून ३३-३५ टक्क्यांवर येते. मला तेव्हा तीन वाट्या लागतात.

वाटी म्हणताना एक सांगायचं राहिलं. पाणी किती खोल आहे याला काही अर्थ नाही, तोंड किती रुंद आहे ते पाहायचं. पेला भरून ठेवलात तर पाणी आठवडाभर पुरेल, पण ओलावा वाढणार नाही. तेच पाणी पसरट ताटलीत ओता, ओलावामापकाचा काटा चढेल. मी सुरुवातीला नारळाच्या करवंट्या ठेवायचो, आणि ‘आज दीड करवंटी’ असं वहीत लिहायचो. मग करवंट्यांना बुरशी धरली. ३७ अंशांची उष्णता, पाणी आणि अंधार, बुरशीला आणखी काय पाहिजे! आता स्टीलच्या वाट्या आहेत, पण वहीत अजून करवंट्याच लिहितो.

ओलावा जास्त वाटला तर पाणी काढा. हवेची भोकं कमी-जास्त करून ओलावा सांभाळू नका. का ते पुढच्या उत्तरात येतं, आणि ते सांगताना मला अजून लाज वाटते.

गेल्या पावसात १६ अंड्यांपैकी ११ पिल्लं पूर्ण वाढून कवचातच मेली. एक ओळखीचे म्हणतात ओलावा कमी पडला, दुसरे म्हणतात जास्त झाला. दोघेही अनुभवी. कोणाचं खरं मानू? (एक बागायतदार, सांगे)

दोघांचंही मानू नका. मेलेलं अंडं फोडून पाहा, ते सांगेल. काम घाणेरडं आहे, बाहेर पोफळीखाली करा आणि हात साबणाने धुवा.

अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. अंडं रोज थोडं सुकत जातं तशी ती वाढते. पंचविसाव्या दिवशी उजेडात धरलं तर पोकळी अंड्याच्या साधारण एक तृतीयांश दिसली पाहिजे. पिल्लू चोच मारून आधी या पोकळीत येतं, तिथे पहिला श्वास घेतं, आणि मग कवच फोडतं. फोडलेल्या अंड्यात पोकळी लहान, पिल्लू फुगलेलं, भोवती चिकट पाणी असेल तर ओलावा जास्त होता. त्याला वळायला जागा नव्हती आणि श्वास घ्यायला हवाही नव्हती. ते आत बुडून मेलं. उलट पोकळी मोठी, पिल्लू बारकं, आतला पापुद्रा पिवळट आणि चामड्यासारखा चिवट होऊन त्याच्या अंगाला गुंडाळलेला असेल, तर ओलावा कमी पडला. दोन्हीकडे मरण एकाच दिवशी, अठ्ठाविसाव्याच्या आसपास, म्हणून माणसं गोंधळतात.

तिसरंही एक कारण असतं आणि ते माझ्या पहिल्याच खेपेत घडलं. जानेवारी होता. काटा ५० च्या वर चढेना, म्हणून मी पेटीच्या दोन्ही भोकांवर चिकटपट्टी लावली. काटा झकास चढला. १४ अंड्यांतली ९ पिल्लं सत्ताविसाव्या दिवशी मेली. शेवटच्या आठवड्यात पिल्लाला प्राणवायू सर्वांत जास्त लागतो, आणि नेमकी तेव्हाच मी त्याची खिडकी बंद केली होती. प्रयोगशाळेत बंद बरणीत मेणबत्ती विझते हे वर्षानुवर्षं मुलांना दाखवणारा माणूस मी! बायको काही बोलली नाही. नुसती चिकटपट्टीची गुंडाळी आणून माझ्यासमोर ठेवली.

आता तुमच्या पुढच्या खेपेचं. ओलावामापकापेक्षा तराजूवर विश्वास ठेवा. बदकाचं अंडं उबताना पंचविसाव्या दिवसापर्यंत मूळ वजनाच्या सुमारे १३ टक्के पाणी गमावतं, आणि तेवढं त्याने गमवायलाच हवं. सत्तर ग्रॅमचं अंडं असेल तर नऊ ग्रॅम. हवेत काय आहे याच्याशी आपल्याला तसं देणंघेणं नाही, अंड्यातून किती गेलं याच्याशी आहे. कवच जाड, पातळ, सच्छिद्र असं प्रत्येक बदकीगणिक वेगळं असतं. ५५ टक्क्यांत एकीचं अंडं नीट सुकतं, दुसरीचं नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने त्याचं वजन लिहा. पेनची शाई नको, कवचाला छिद्रं असतात. सातव्या दिवशी उजेडात धरून रिकामी अंडी काढा आणि उरलेली सगळी एकत्र तोला. माझी गेल्या श्रावणातली वही समोर आहे. दहा अंडी राहिली, त्यांचं पहिल्या दिवशीचं वजन बरोबर ७०० ग्रॅम. १३ टक्के म्हणजे पंचवीस दिवसांत ९१ ग्रॅम, आठवड्याला पंचविसाच्या जरा वर. सातव्या दिवशी तोललं तर ६८३. गेले फक्त १७. म्हणजे मापक ५८ दाखवत होता तरी माझ्या अंड्यांना ते जास्त होत होतं. पाण्याची वाटी काढून टाकली. चौदाव्या दिवशी ६५३, एकूण ४७ गेले, हवे होते ५१. वाटी बाहेरच ठेवली. एकविसाव्या दिवशी ६२५. गेले ७५, हवे होते ७६. पंचविसाव्या दिवशी पाणी परत आत.

मधल्या त्या दोन आठवड्यांत मापक ४७ दाखवत होता. कागदावरच्या ५५ ला चिकटून बसलो असतो तर यंदा पत्र तुम्ही नाही, मी लिहिलं असतं. दहापैकी आठ पिल्लं निघाली. एक आतच मेलं होतं, एकाने चोच मारली आणि तिथेच थांबलं.

तराजू एक ग्रॅम दाखवणारा चालतो. स्वयंपाकघरातला आणलात तर घरात विचारून आणा आणि परत ठेवण्यापूर्वी साबणाने पुसा. बदकाच्या अंड्यांवर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. आमच्या घरी आता दोन तराजू आहेत.

काका, मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी अंडी उबवण्याचं मॉडेल करतेय. दोन ओलावामापक आणले, एक ६१ दाखवतो आणि दुसरा ७४. दोन्ही एकाच ठिकाणी ठेवलेत. कुठला खरा? (एक विद्यार्थिनी, वाळपई)

बाळा, कदाचित दोन्ही खोटे. पण ते किती खोटं बोलतात हे कळलं की पुरे.

पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं ना? हवेतला ओलावा ७५ टक्क्यांच्या वर गेला की शुद्ध मीठ हवेतून पाणी ओढायला लागतं. ७५ च्या खाली ओलं मीठ उलट सुकायला लागतं. याचाच उपयोग करायचा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घे, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं कर. मीठ विरघळून पाणी वर तरंगलं तर जास्त झालं. ते झाकण आणि दोन्ही मापक एका झिपच्या पिशवीत घाल, पिशवीत हवा राहू दे, आणि रात्रभर ठेव. मापकाला मीठ लागू देऊ नकोस. सकाळी पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर आलेली असते. पिशवी न उघडता वाच. एकाने ६८ दाखवलं तर त्याच्या आकड्यात कायम ७ मिळव, दुसऱ्याने ८१ दाखवलं तर ६ वजा कर. झाकणावर कागद चिकटवून लिहून ठेव, नाहीतर ऐन वेळी मिळवायचे की वजा करायचे ते विसरतं.

मीठ मात्र पाकिटातलं बारीक घे. मी पहिल्यांदा अभिमानाने आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ घेतलं होतं. आंबाड्याच्या लोणच्याला त्याच्यासारखं मीठ नाही, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते जास्त पाणी धरून ठेवतात, आणि पिशवीतला ओलावा ७५ पर्यंत पोचत नाही. म्हणूनच ते मीठ घरात इतरांआधी पाझरतं. प्रदर्शनात दोन पिशव्या शेजारी ठेव, परीक्षक थांबून बघतील.

शाळेत कोरड्या-ओल्या बल्बचा तापमापक (शेजारी दोन तापमापक, एकाच्या बल्बला ओलं कापड) असेल तर तोही माग. ज्या मशीनमध्ये पंखा आहे तिथे कोरडा ३७.५ आणि ओला साधारण २९.५ दाखवत असेल तर ओलावा ५५ टक्के. ओला ३२.५ च्या जवळ गेला तर ७०. ओल्या बल्बचं कापड दर आठवड्याला बदल, ते कडक झालं की खोटं बोलतं.

बदकी पाण्यातून ओली येऊन अंड्यांवर बसते, म्हणून रोज अंड्यांवर पाणी फवारावं असं ऐकलं. खरं का? (एक वाचक, डिचोली)

बदकी ओली येते हे खरं. ती रोज थोडा वेळ उठून जाते आणि अंडी गार होतात हेही खरं. यावरूनच पुष्कळ लोक दहाव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत रोज दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडून अंडी गार होऊ देतात आणि वर कोमट पाण्याचा हलका फवारा मारतात. मी गार करतो, बारा महिने. फवारा फक्त हिवाळ्यात. आपल्या पावसात अंडी मुळातच हवी तेवढी सुकत नाहीत, त्यात त्यांना आणखी भिजवायचं कशाला? ओल्या कवचावरून जंतूही लवकर आत शिरतात. कुजलेलं बदकाचं अंडं पेटीत फुटलं तर काय होतं हे ज्याने एकदा हुंगलंय तो फवारा हातात घेताना विचार करतो.

त्याच कारणाने मळकी अंडी बसवू नका. सुका चिखल नखाने खरवडा. गार पाण्याने तर मुळीच धुवू नका, अंड्यातला ऐवज आकसतो आणि कवचावरची घाण आत ओढली जाते.

शेवटच्या तीन दिवसांत काय बदल करायचा? आणि आमच्याकडे पावसात वीज जाते, तेव्हा ओलाव्याचं काय? (एक तरुण शेतकरी, काणकोण)

पंचविसाव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवा, आडवी ठेवा, आणि ओलावा ७० च्या पुढे न्या. एवढे दिवस अंड्याला सुकवायचं होतं. आता आतला पापुद्रा मऊ ठेवायचा आहे, म्हणजे पिल्लाला तो फाडता येईल. अशा वेळी वाट्या वाढवण्यापेक्षा ओला फडका घडी करून वाटीत उभा ठेवा. अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. फडका पाणी वर ओढतो आणि काटा लगेच चढतो. झाकणाच्या काचेवर कडेने थोडी वाफ धरली तर ठीक. पाणी ओघळायला लागलं तर फडका काढा.

यानंतर झाकण उघडायचं नाही. नाहीच उघडायचं. बदकाचं पिल्लू कवचाला पहिलं भोक पाडून मग चोवीस ते अठ्ठेचाळीस तास नुसतं पडून राहतं. ते अडकलेलं नसतं. त्याची फुप्फुसं हवेला सरावत असतात आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. शेजारचा मुलगा गेल्या वर्षी माझ्याकडे धावत आला, “काका, पिल्लू अडकलंय, मी थोडं सोलून दिलं.” बघतो तर पापुद्र्यातल्या शिरा अजून लाल होत्या आणि रक्त येत होतं. त्याच्यासाठी उघडलेल्या झाकणातून पेटीतली ओली हवा निघून गेली, आणि शेजारच्या ज्या अंड्याने भोक पाडलं होतं त्याचा पापुद्रा सुकून चिकटला. एकाला वाचवायला गेला आणि दोन गेली. मुलगा अजून मला बघून मान खाली घालतो. त्याला सांगा, माझी नऊ गेली होती.

विजेचं म्हणाल तर तास-दोन तासांनी सहसा बिघडत नाही, बदकीही उठून जातेच. पहिल्या पंधरवड्यात पेटीवर गोधडी टाका. शेवटच्या आठवड्यात मात्र घट्ट गुंडाळू नका. मोठी झालेली पिल्लं स्वतः ऊब देतात, आणि पंखा बंद असल्याने आतली हवा हलत नाही. गोधडी टाका पण भोकं उघडी ठेवा. वीज आल्यावर मापक भलतेच आकडे दाखवेल, कारण गार झालेल्या पेटीत वाफेचं पाणी झालेलं असतं. अर्धा तास त्याच्याकडे बघू नका. काही घाईने काढू-घालू नका.

मस्कोव्ही बदकाला हेच लागू का? (पोस्टकार्डावरचा प्रश्न, नाव-गाव भिजून गेलंय)

ओलावा तोच, वजनाचा हिशेबही तोच. दिवस मात्र सुमारे ३५, त्यामुळे फिरवणं थांबवायचं ते ३१ व्या-३२ व्या दिवशी. नागपंचमीला बसवलीत तर चवथीला काही निघणार नाही, पितृपक्षाच्या पाचेक दिवस आधी निघतील. आणि मस्कोव्ही बदकी स्वतः इतकी छान बसते की ती खुडूक असेल तर मशीनचा दिवा लावूच नका, अंडी तिच्याखाली सरकवा.